काळीवरच्या बारा खोल्या

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली अमरावतीत शहाणा माणूस औषधालाही उरला नव्हता. तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस तिथंच अडकला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या वऱ्हाडाकडे तोंड फिरवलं. मग काय विचारता? काल ज्याच्या घरी मीठ-मिरचीची भ्रांत होती, तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून मिरवू लागला. खुशालराव म्हणून एक बहाद्दर होता, त्यानं तर बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवायचा घाट घातला. सोनारानंच हात जोडले म्हणून राहिलं, नाहीतर अर्धी चांदी रस्त्यातल्या दगडांनीच खाल्ली असती.

या खुशालरावाची थोरली भावजय म्हणजे माणिकबाई. ही गोष्ट तिची आहे. माहेर पातूरकडचं, अंगानं काटकुळी, आणि आवाज असा की गावाच्या परकोटाच्या, म्हणजे तटाच्या, आत बोलली तर बाहेरची ढोरं मान वर करून बघत. नवरा महादेवराव अगदी देवमाणूस. देवमाणूस म्हणजे काय, तर बोलायला लागला की पहिल्या शब्दानंतर दुसरा येईपर्यंत चुलीवरची भाकर करपावी. घरात म्हातारी सासू होती, पार्बताबाई. आणि या सगळ्यांचं पोट भरणारं, परकोटाच्या दरवाजाबाहेरचं विहिरीचं वावर होतं. काळंभोर, लोण्यासारखं मऊ. माणिकबाई लग्न होऊन आली तेव्हा गृहप्रवेशाच्या आधी सासूनं तिला त्या वावराच्या पाया पडायला नेलं होतं.

आता गंमत अशी झाली, की कापसाचा बाजार वाढत वाढत या वावराच्या बांधाला येऊन टेकला. दिवाळीनंतर नवराबायको कापसाची बंडी घेऊन बाजारात गेले, तर तिथं पाय ठेवायला जागा नाही. कच्छी, मारवाडी, मुंबईच्या पेढ्यांचे मुनीम, सगळी दुनिया लोटलेली. एका मुनिमानं तर कुणाच्या गोठ्याची ओसरी भाड्यानं घेतली होती. माणिकबाईनं गोठ्याच्या मालकाला भाडं विचारलं. त्यानं सांगितलेला महिन्याचा आकडा तिच्या सालदाराच्या वर्षाच्या मजुरीएवढा होता.

"ढोरं बाहेर बांदली अन् मुनीम आत बांदला," मालक हसत म्हणाला. "ढोरायपक्षा बरा हाये. कडबा मागत नाई."

परतीच्या वाटेवर माणिकबाई बोटांवर हिशेब करत होती, आणि महादेवरावाला त्याचीच भीती वाटली. वावर आलं तसं तिनं बैलांचा कासरा त्याच्या हातातून घेऊन बंडी उभी केली.

"आयका जी. हा रस्त्याकडचा कोपरा दिसते का? इथं खोल्या बांदू. भाड्यानं देऊ."

"इथं," महादेवराव म्हणाला, आणि बऱ्याच वेळानं, "कापूस येते."

"कापूस वर्षातून एकडाव येते. भाडं दर महिन्याले येते. अन् भाड्याले कीड लागत नाई."

महादेवरावानं कासरा परत घेतला आणि बैल हाकले. तो काही बोलणार असता, तरी ते घरी पोचेपर्यंत आलं नसतं.

माणिकबाईनं मनात पक्कं केलं ते पक्कं. पण नुसत्या मनानं विटा येत नाहीत. कापसाचा पैसा हाताशी होता, तो निम्म्याला पुरणारा. उरलेला निम्मा मागायला दोघं बापूसाहेबांकडे गेली. बापूसाहेब परकोटाच्या आत राहणारे, वकिली करणारे, आणि जोडीला थोडी सावकारीही. व्याज चोख घ्यायचे, पण दारात आलेल्याला शिवी देत नसत, म्हणून लोक त्यांना भला माणूस म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान जुळवलं आणि तोंडात घालण्याआधी एवढंच सांगितलं, "बाई, एक ध्यानात ठेवा. खोली रिकामी बसते, पण व्याज रिकामं बसत नाही. किती भाडं येईल ते सगळेच मोजतात. खोलीत माणूस नसेल तेव्हा काय, ते मोजा."

"माजी खोली रिकामी राहतच नाई," माणिकबाई म्हणाली. बापूसाहेबांनी पान तोंडात घातलं.

कागद झाला. दोन हंगाम जाऊन पुढची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईल तोवर मुदत. वऱ्हाडात सालदार बदलायचा तर अखाजीला, घेणंदेणं मिटवायचं तर अखाजीला. आणि पितरांची घागर भरायची तीही त्याच दिवशी. त्या अखाजीला पैसा पोचला नाही, तर विहिरीचं वावर बापूसाहेबांचं. महादेवरावाच्या अंगठ्याशेजारी माणिकबाईनं आपला अंगठा बेधडक उठवला. 

घरी सासूनं मात्र विरोध केला.

"काळीत घर बांदू नोका," पार्बताबाई म्हणाली. "काळी पिकाची, पांढरी मानसाची. आपलं गाव पांढरीवर बसलं ते काई उगाच नाई बसलं. काळी घराले थारा देत नाई."

"आत्याबाई, ते जुनं झालं. सारा बाजार काळीवरच बसून राह्यला नं?"

"बाजार उठून जाते. घर उठून कुठी जाईन?"

म्हातारीचं कोण ऐकतो? सेमाडोहाच्या रानातून सागवान आलं, विटा आल्या, आणि गवंडी आला तो पाटलाच्या तोऱ्यात. सगळं शहरच बांधायला निघालं होतं, त्याचा भाव तिपटीवर गेलेला. त्यानं मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. खाली काळी खोल आहे, पाया मुरूम लागेपर्यंत न्यायला हवा, खर्च वाढेल. माणिकबाईनं कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. इतका पैसा खड्ड्यात पुरायचा, तर तेवढ्यात आणखी दोन खोल्या उभ्या राहतात.

"जमिनीत गाडल्या पैशाले कोनी भाडं देते का?" ती म्हणाली. "गुडघाभर खंद. लय झालं."

गवंड्याचं काय गेलं? त्यानं गुडघाभर खणलं. मी म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या काळी नांगरणारी ही माणसं. उन्हाळ्यात ती कशी फाटते, त्या भेगेत बकरीच्या पिल्लाचा पाय कसा अडकतो, हे सगळं यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पण भाड्याचा आकडा एकदा डोळ्यांपुढे नाचायला लागला, की पायाखालचं दिसत नाही.

पौषात आठ पक्क्या खोल्या उभ्या राहिल्या. व्यापाऱ्यांनी त्या हां हां म्हणता उचलल्या. त्याच दिवसांत वामनराव नावाचा एक कारकून खोली विचारायला आला. मूळचा पुण्याकडचा, अकोल्याच्या कचेरीतून नुकताच अमरावतीला बदलून आलेला. बायकोला घेऊन धर्मशाळेत पडला होता.

"एखादी लहानशी खोली मिळाली असती तर उपकार झाले असते," तो म्हणाला.

माणिकबाईनं भाडं सांगितलं. वामनरावाचा चेहरा उतरला.

"अहो बाई, एवढा तर माझा पगारही नाही."

"मंग पगार वाढवून घ्या," माणिकबाई म्हणाली आणि कामाला लागली. बोलली खरी. रात्री जेवताना त्याच्या बायकोचा दमलेला चेहरा तिला आठवला, पण तिनं आणखी एक भाकर वाढून घेतली आणि विसरली.

चैत्र उजाडला. ऊन तापलं. शेतात भेगा पडायला लागल्या, त्या दरवर्षी पडतात. एके दुपारी पाचव्या खोलीत कुणी लाकूड मोडावं तसा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत दाराच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत अशी फट पडली की तिच्यात विळा जावा. दुसऱ्या दिवशी शेजारची भिंत, मग तिच्या शेजारची. जमीन दुभंगली, भिंतींना दुभंगण्यावाचून इलाज नव्हता. एक भिंत तर आडवीच झाली. नशीब, की आत कुणी नव्हतं. व्यापारी हंगाम संपल्यानं तसेही निघालेच होते. दोघांनी शेवटच्या महिन्याचं भाडं बुडवलं आणि जाता जाता पुढच्या साली येणार नाही म्हणून सांगून गेले.

गाव हसलं. खुशालराव येऊन फटीत हात घालून म्हणाला, "वयनी, हवा मस्त येते."  महादेवरावानं पडलेल्या विटा एका बाजूला रचून ठेवल्या, बस्. शिवी दिली असती, हात उगारला असता, तरी तिला बरं वाटलं असतं. त्याचं ते विटा रचत राहणं माणिकबाईच्या काळजाला लागलं. तेव्हापासून तिची झोप उडाली. डोळे मिटले की वावर दिसायचं आणि त्यात परकी औतं चालताना दिसायची. आपण या घरात आलो, यांच्या पितरांची जमीन आपल्या हातानं घालवली, असं लोक म्हणतील, आणि ते खरं असेल. याची तिला भीती वाटत होती. एरवी ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

पण रडत बसणारी जात नव्हती तिची. एका सकाळी न्याहारी करता करता ती मध्येच थांबली.

"आमच्या बाबाच्या वावरात खोपडी होती," ती म्हणाली. "पातूरले. मी जनमायच्या आदीपासून. ते नाई कदी पडली."

महादेवरावानं घास हातात धरून विचारलं, "कशाची?"

"कुडाची. पऱ्हाटीची."

कापूस वेचून झाला की वावरात कापसाची झाडं उरतात, त्यांना पऱ्हाट्या म्हणायचं. आमच्याकडे त्या चुलीत जातात. लाकडाच्या मेढी रोवायच्या, त्यांना बांबूच्या कामट्या बांधायच्या, त्यात पऱ्हाट्या विणायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. झाली भिंत. जमीन फाटली की कूड थोडा कलतो, पाऊस आला की जमीन फुगते आणि कूड पुन्हा सरळ होतो. वरची माती तडकते, ती वर्षातून एकदा लिंपली की काम भागतं. गरिबाचं घर म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, एवढंच.

सासूला विचारायची आता माणिकबाईला धास्ती होती. तिनं मान खाली घालून विचारलं.

"खोपडी बांद नं," पार्बताबाई म्हणाली. "खोपडीले काळी काई म्हनत नाई. राखनदाराले झोपाले जागा लागतेच."

मग माणिकबाईनं पदर खोचला. पक्क्या खोल्या उतरवल्या. विटा एका कच्छ्यानं चढ्या भावानं घेतल्या, त्यालाही काळीवर वखार बांधायची होती. तिनं त्याला पायाबद्दल सांगितलं, हे मुद्दाम नमूद करतो. त्यानं ऐकलं नाही, ही त्याची करणी. सागवानाच्या मेढी झाल्या, पऱ्हाट्या घरच्याच होत्या, आणि मृगाच्या आत आठांच्या जागी बारा कुडाच्या खोल्या उभ्या राहिल्या.

व्यापारी कुडाच्या खोलीकडे पाहायलाही तयार नव्हते. माणिकबाई स्वतः धर्मशाळेत गेली आणि वामनरावापुढे उभी राहिली.

"तुमचा पगार वाढला का?"

"नाही हो बाई."

"मंग मीच भाडं कमी केलं. चला."

वामनराव आला, त्याच्या मागून कचेरीतले आणखी चौघं आले. मैनाबाई आली, ती गाडीवानांना भाकर-झुणका करून विकायची. एक शिंपी आला, बाजारातले पाच मापाडी आले. भाडं पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी. पण खोली एकही रिकामी नाही. माणिकबाईचे नियम कडक होते. भिंतीजवळ पाणी सांडायचं नाही, आणि अखाजीच्या आधी ज्यानं त्यानं आपली भिंत आपण लिंपायची. वामनरावाच्या बायकोला, रमाला, शेणमाती कालवायला माणिकबाईनंच शिकवलं. पहिल्या दिवशी रमानं नाकाला पदर लावला होता. दिवाळीला तिच्या कुडापुढे सगळ्यांत सुरेख रांगोळी होती.

दसरा आला आणि माणिकबाईची खरी परीक्षा झाली. अमरावतीत त्या काळी रीतच पडली होती. दसऱ्याला नवा हंगाम सुरू झाला की घरमालक जुन्या भाडेकऱ्याला काढायचा आणि जास्त देईल त्याला बसवायचा. त्या साली गर्दी इतकी, की कुडाला नाकं मुरडणारे व्यापारीही आता कुडापुढे रांगेनं उभे. चौपट देतो म्हणाले. वामनराव कचेरीतून आला तर दारात मारवाडी उभा. त्यानं न विचारताच बोचकं बांधायला घेतलं.

माणिकबाई त्या रात्री अंगणात बसून राहिली. मोह झाला, खोटं कशाला सांगू? चौपटीत अखाजी सहज पार पडत होती. पण तिला बापूसाहेबांचं बोलणं आठवलं. व्यापारी चार महिने राहतो आणि चैत्रात जातो. त्यानंतर खोली रिकामी. गेल्या चैत्रात तिनं रिकामी खोली पाहिली होती, ती पुन्हा पाहायची नव्हती. आणि बारा महिने राहणाऱ्या माणसाला एकदा हाकललं, की तो परत येत नाही.

सकाळी तिनं वामनरावाचं बोचकं पाहिलं. "काहून जी, सोडून चालले का? महिना भरला नाई."

"म्हणजे... राहू आम्ही?"

"भिंत कोन लिंपन मंग?" असं म्हणून ती विहिरीवर गेली. रमा दारात उभी राहून रडली.

पौषात आणखी एक भाडेकरू सापडला, न विचारता शिरलेला. महादेवरावानं घरचा कापूस न विकता दोन मापाड्यांना गोडीगुलाबीनं एका खोलीत बसवलं होतं आणि दुसरी कापसानं छपरापर्यंत भरली होती. भाव आणखी चढेल म्हणे.

"भाडं आना," माणिकबाई म्हणाली.

"मी," महादेवराव म्हणाला, "मालक हाये."

"मालक घरी. इथं जो भाडं देत नाई तो राहत नाई, कापूस असो का कापसाचा धनी."

महादेवराव जन्मात पहिल्यांदा रागावला. रागाच्या भरात बंड्या जुंपल्या आणि सगळा कापूस आहे त्या भावाला विकून आला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तसाही फरक पडत नव्हता. आणि महिनाभरात आवई उठली, की अमेरिकेतली लढाई संपत आली. भाव असा कोसळला, की ज्यांनी कापूस धरून ठेवला होता त्यांना तो विकावा की उश्या भराव्या ते कळेना. महादेवराव संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसला. आणि एवढंच म्हणाला, "बरं केलं." या माणसाच्या तोंडचे दोन शब्द म्हणजे दुसऱ्याचं कीर्तन.

बाजार ओसरला. पक्क्या वखारींना कुलपं लागली. तिच्या बारा खोल्या तशाच भरलेल्या होत्या, कारण कारकुनाला कचेरी सुटत नाही आणि गाडीवानाला भूक. कापसाचे पैसे आणि भाडं मिळून बापूसाहेबांच्या देण्याची निम्म्याहून जास्त भरपाई झाली होती. उरलेल्याचं माणिकबाईला ओझं वाटत नव्हतं. व्याज भरलं की कागद वर्षभर पुढं लोटायचा, ही सगळीकडचीच रीत. बापूसाहेबांनी तसा शब्दही दिला होता.

अखाजीला थोडे दिवस असताना बापूसाहेबांनी दोघांना बोलावलं. ते ओळखू येईनात. पान पुढ्यात तसंच पडलेलं.

"महादेवराव, बाई, मी शब्द फिरवतो आहे," ते म्हणाले. "मुंबईच्या पेढीला मी एका व्यापाऱ्याचा जामीन राहिलो. तो बुडाला. आता माझ्याकडचे सगळे कागद पेढीवाले मागताहेत. अखाजीला पूर्ण पैसा आला तर कागद मी तुमच्या हाती देईन. नाही आला, तर तो त्यांच्याकडे जाईल. त्यांना व्याज नको आहे. बाजाराजवळची जमीन हवी आहे."

 घरी आल्यावर माणिकबाई ओसरीवर बसली आणि साठलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

गावात गोष्ट लपते थोडीच? कचेरीत दुसऱ्याच दिवशी कळली. संध्याकाळी वामनराव आणि मैनाबाई तिच्या अंगणात आले, मागे बाकीचे भाडेकरू. माणिकबाईला वाटलं, खोल्या सोडायला आले.

"बाई," वामनराव म्हणाला, "पेढीवाल्यांनी जमीन घेतली तर आम्हाला काढतील ना?"

"काढतीन. सारा कूड पाडतीन."

"मग आम्ही आपसात बोललो. पुढच्या वर्षाचं भाडं आम्ही आत्ताच देतो, एकदम. पण बारा महिन्यांच्या राहण्याचे आम्ही दहा महिन्यांचे देऊ. सगळीकडे भाडी उतरली आहेत."

माणिकबाईनं डोळे पुसले. आणि बघा स्वभाव, पुसता पुसता म्हणाली, "अकराचं."

"दहाचं," मैनाबाई म्हणाली. "अन् तीन वर्षं दसऱ्याले कोनाले काढाचं नाई. तू अकरा म्हनशीन तर मी नवावर येतो."

बायकोला कुणी तोडीस तोड भेटलेलं पाहून महादेवरावाला हसू आलं. वर्षभरात तो पहिल्यांदा हसला. त्याच्याकडे पाहून माणिकबाईही हसली, आणि मग तिला आवरेना.

"दहाचं," ती म्हणाली. "अन् तीन नाई, पाच वर्षं कोनाले काढत नाई."

कुणी पेटीतून काढलं, कुणी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून आणलं. मैनाबाईनं पिठाच्या डेऱ्यात हात घातला, आणि सगळ्यांत जास्त तिच्याचकडून निघालं. गाडीवानांनी दोन वर्षं भाकरी काय फुकट खाल्ल्या होत्या? तरी थोडं कमी पडलं. खुशालरावानं आपल्या बैलांच्या शिंगांच्या चांदीच्या शेंब्या काढून ओसरीवर ठेवल्या. "बैलाले जड होत होत्या," म्हणाला.

अखाजीच्या सकाळी पार्बताबाईनं पितरांची घागर भरली आणि नवराबायको परकोटाच्या आत गेली. बापूसाहेबांनी पैसे घेतले, आणि कागद देताना त्यांचेच डोळे भरले.

"बाई, रात्रभर मी देवाजवळ बसलो होतो," ते म्हणाले. "तुमचं वावर माझ्या हातून जाऊ नये म्हणून. ते गेलं असतं, तर मी या रस्त्यानं मान वर करून चाललो नसतो."

"तुमीच सांगतलं होतं नं," माणिकबाई म्हणाली, "रिकाम्या खोलीचं. म्हनून वाचलो."

त्यांनी तेव्हा कुठं पान तोंडात घातलं.

परतताना महादेवराव घराकडे वळला, तर ती वावराकडे चालू लागली. तोही मागून गेला. नांगरून पडलेली काळी उन्हात तापली होती, जागोजागी फाटलेली. माणिकबाई एका भेगेजवळ बसली, एक ढेकूळ उचललं आणि कपाळाला लावलं. "चुकली मी माय," म्हणाली. मग विहिरीजवळच्या बाभळीच्या विरळ सावलीत डोक्याखाली हात घेऊन आडवी झाली. बघता बघता घोरायला लागली.

दुपारी वामनराव तिकडून चालला होता. भर उन्हात बाई मातीत पडलेली पाहून त्याचं धाबं दणाणलं. धावत आला, तर बाजूला महादेवराव बसलेला. बाभळीची सावली सरकून गेली होती. ऊन माणिकबाईच्या तोंडावर येऊ नये म्हणून तो असा बसला होता की त्याची स्वतःची सावली तिच्यावर पडावी. ऊन सरकलं की तोही बसल्या जागी सरकायचा. पागोटंही तिच्या डोक्याखाली सारलेलं.

"काय झालं हो? बरं नाही का त्यांना?" वामनरावानं विचारलं.

महादेवरावानं ओठांवर बोट ठेवलं. आणि हा माणूस, जो एका शब्दानंतर दुसऱ्याला वाट पाहायला लावायचा, तो एका दमात बोलला.

"झोपू द्या तिले. वर्ष झालं, झोपली नाई. आता वावर कुठी जात नाई."

मग तो थोडा सरकला.